रालित्सानं वाचलेलं पत्र

वेसेला तीन वर्षं इटलीत, फेर्राराला एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करत होती. नवरा स्तामेन आणि दुसरीतली लेक रालित्सा बल्गेरियात, सेव्लिएवोला. पोर वाचताना फार अडते, तिची आत्ताच तपासणी करून घ्या, असं वर्गाच्या बाईंनी दोनदा कळवलं होतं. दोन्ही वेळा वेसेलानं ते उडवून लावलं. तिच्या भावाला, ल्युबेनला, असंच तपासायला नेलं आणि थेट वेगळ्या शाळेत टाकलं होतं. गल्लीत त्याला सगळे ठोंब्या म्हणत.

"माझ्या लेकीवर शिक्का नको. येईल हळूहळू," ती म्हणे.

त्या रविवारी तिचं पार्सल पोचलं. रालित्सा फोनसमोर त्यातली चिठ्ठी घेऊन बसली. "आई, मी वाचते हं!" ओळींवरून बोट फिरवत तिनं घडाघडा वाचलं, "माझी राली, हे नवे बूट. मी ईस्टरला येणार, आणि परत जाणारच नाही."

वेसेलानं लिहिलं होतं, बूट सैल झाले तर आत लोकरीचे मोजे घाल.

"छान वाचलंस गं," ती कशीबशी म्हणाली. "बाबांना दे जरा."

स्तामेन फोन घेऊन स्वयंपाकघरात गेला. "सगळं असंच वाचते. मनातलं. वर्गात पोरं हसतात, मग सकाळी हिचं पोट दुखतं."

"मला का नाही बोललास?"

"एकटी तिकडे रडत बसली असतीस."

"आता काय हसतेय? उद्याच वेळ घे. पण ल्युबेनसारखं करणार असतील तर हात धरून परत आण तिला."

तपासणीच्या दिवशी वेसेलाचं कशात लक्ष नव्हतं. म्हाताऱ्या बाईंना तिनं दोनदा कॉफी दिली. दुपारी स्तामेनचा फोन आला.

"तपासणाऱ्या बाई डिस्लेक्सिया म्हणाल्या. पोर हुशार आहे, अक्षरं आणि आवाज जुळवताना अडते. शाळा तीच, वर्ग तोच. आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे शिकायला जायचं. वेळेवर आणलंत म्हणाल्या."

"घाबरली होती का रे?"

"आधी थोडी. आत जाताना विचारलंन, आई कुठपर्यंत आली?"



"सुरुवातीपासून सांग," वेसेला म्हणाली. "घरातून निघालात, तिथपासून."