खरवईची ऑर्डर

अंबरनाथ एमआयडीसीच्या नाक्यावर अण्णा आणि कौसाबाईंची खानावळ होती. अण्णा गल्ल्यावर, कौसाबाई चुलीपाशी आणि भिंतीवर दत्तगुरू. तिघांत कडक कोण, असं विचारलं तर गिऱ्हाईक बेलाशक अण्णांकडे बोट दाखवायचं.

आनंदनगरच्या कंपनीतले अनीश आणि राजरत्न कित्येक वर्षं तिथंच जेवत. २००९च्या जुलैतल्या एका दुपारी अनीश हसत म्हणाला, "अण्णा, खरवईला फ्लॅट घेतला. रविवारी तीस पानांची ऑर्डर. पुरणपोळी मस्ट आहे."

"अरे वा! मग पूजेला जोडपं कोण बसणार?"

अनीशनं एकदा राजरत्नकडे पाहिलं. "पूजा नाही ठेवली. पण जोडपं म्हणाल तर आम्हीच दोघं. दिल्लीच्या हायकोर्टाचं पेपरात वाचलं असेल ना?"

वाचलं होतं. वाचून अण्णांनी त्या पेपरात मिरच्या बांधून दिल्या होत्या. आता ते गल्ल्यावरून उठलेच.

"कोर्ट म्हणालं, दोन पुरुषांचं असं नातं गुन्हा नाही, ठीक आहे. पण माझ्या कढईला कोर्टाचा हुकूम लागू नाही. मला माझा धर्म आहे. ही ऑर्डर मी घेणार नाही. राग मानू नका."

राजरत्न मुळात कमी बोलणारा. तो एवढंच म्हणाला, "राग कसला, अण्णा. आई येणार होती. आमचं कळल्यापासून तिनं माझ्याकडे पाऊल टाकलेलं नाही. म्हणाली, चार माणसं तुमच्या पंगतीला बसतात का बघते, मग ठरवते." मग म्हणाला, "माझ्या आजोबांना गावच्या हॉटेलात चहा बाहेर उभ्यानं मिळायचा. कप वेगळा. मालक असंच म्हणायचा, राग मानू नका, धर्म आहे."

"ते वेगळं होतं!" अण्णा कडाडले.

"असेल," राजरत्न म्हणाला. दोघांनी हात धुतले आणि गेले. एक शब्द वाकडा नाही. अण्णांना तर भांडण हवं होतं, म्हणजे आपलं बरोबर आहे असं तरी वाटलं असतं.

कौसाबाईंनी सगळं ऐकलं होतं. भांडी आवरता आवरता त्यांनी विचारलं, "वेगळं कसं, ते सांगा की मला."

अण्णा गल्ल्यातली चिल्लर पुन्हा मोजायला लागले.

"दत्तगुरू काही बोलले का तुमच्याशी? फुलं तर मीही वाहते रोज. मला नाही बोलले. देव्हारा दोघांचा आणि धर्म तेवढा तुमचा एकट्याचा, हा कुठला हिशेब?"

अण्णांनी त्यावर दोन दिवस डोकं खाजवलं. पूजा करताना खाजवलं, पोळ्या मोजताना खाजवलं. वेगळेपणा काही सापडेना. साठीच्या माणसाला आपलंच म्हणणं गिळायचं म्हणजे काय, हे ज्यानं गिळलंय त्यालाच ठाऊक. शनिवारी सकाळी ते चुलीपाशी येऊन भांडल्यासारखे म्हणाले, "डाळ निवडून ठेवली का? तीस पानं आहेत उद्या!" आणि स्वतः कंपनीच्या गेटवर जाऊन दोघांना सांगून आले. मला हा माणूस इथं फार आवडतो.

रविवारी खरवईच्या त्या फ्लॅटमध्ये माणसं जमली. राजरत्नची आई, जनाबाई, दाराजवळच्या खुर्चीवर मांडीवर पिशवी धरून बसली होती. चहा घेतला नाही, पाणीही नाही. आलेल्या वाटेनं कधीही परत जाईल, अशी.

वाढण्याआधी अण्णांनी आहेर काढला. नव्या घराला रिकाम्या हातानं जायचं नाही, ही त्यांची रीत. हातानं पिशवी भरली ती जन्मभराच्या सवयीनं: घरधन्याला टॉवेल-टोपी, घरधनिणीला खण-नारळ. टॉवेल-टोपी अनीशला दिली. मग हात पिशवीत गेला आणि हाताला खण लागला. अण्णा थिजले. एका घरात एकच टोपी लागते, असं धरून चाललेला माणूस! समोर राजरत्न मान खाली घालून उभा. कोणीतरी मागे खोकलं. जनाबाईनं मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरले.

अण्णांनी खण पिशवीतच ठेवला. नारळ राजरत्नच्या हातात दिला. मग आपल्या डोक्यावरची पांढरी टोपी काढली, झटकली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली.

"नवी नाही, पण कालच धुतलीय," ते पुटपुटले. टकलावर घाम फुटला होता.

कौसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

जनाबाई उठली. पिशवी तिनं खुर्चीवर ठेवली. पोराजवळ आली आणि त्याच्या डोक्यावरची तिरकी बसलेली टोपी दोन्ही हातांनी सरळ केली.

"वाढा, अण्णा," ती म्हणाली, "आणि ह्या दोघांची पानं शेजारी मांडा."