उजळ रंगाचा डावा हात

मी एक जुना डावा हात आहे. दचकू नका मित्रांनो, मी कोणाचा तुटून पडलेला हात नाही. मी सिलिकॉनचा आहे. ज्यांना मनगटापुढे हात नसतो, ते मला मोज्यासारखे चढवतात. बोटांचा आकार टिकावा म्हणून माझ्या पोटात तारा आणि स्पंज भरला आहे. मला नखे आहेत, हिरवट शिरा आहेत, करंगळीजवळ एक तीळसुद्धा आहे. जीव तेवढा नाही. सध्या माझा मुक्काम एका पत्र्याच्या डब्यात आहे, डबा टेबलाच्या खालच्या खणात आणि खणाला कुलूप. माझी बोटे किंचित वाकलेली असल्यामुळे डब्याचे झाकण नीट बसत नाही. त्या फटीतून बाहेरचे बोलणे ऐकू येते, म्हणून मी अजून वेडा झालेलो नाही.

माझा जन्म कृत्रिम अवयव बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या भिंतीवर सिलिकॉनच्या तीस चकत्या टांगलेल्या होत्या. पहिली साईसारखी फिकी, तिसावी भाजलेल्या कॉफीच्या बीसारखी काळी. आलेल्या माणसाचा चांगला हात खिडकीशी उजेडात धरायचा, त्याला चकत्या लावून पाहायच्या आणि जी हातात मिसळून जाईल तिचा रंग घोटायचा, अशी तिथली रीत होती. कारागीर मोठा मन लावून काम करणारा होता. एकेका शिरेसाठी तो अर्धा दिवस घालवायचा.

एके दिवशी एक तरुणी तिच्या आत्याबरोबर आली. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. तिला जन्मतःच डावा हात मनगटापुढे नव्हता आणि त्यावाचून तिचे काही अडतही नव्हते. दातांनी आणि कोपराने ती भराभर कामे उरकायची. पण आता तिला एका दवाखान्यात नोकरी लागली होती. चारचौघांत बसायचे, तर हात हवाच, असे आत्याने ठरवले होते.

कारागिराने धाकटीच्या उजव्या हाताला चकत्या लावल्या. अठरावी चकती अशी जुळली की कड सापडेना. आत्याने मात्र सहाव्या चकतीवर बोट ठेवले.

"हा रंग करा," ती म्हणाली. "नवीनच करून घेतोय, तर जरा उजळ नको का?"

"आत्याबाई, हा हात हिच्या दुसऱ्या हाताशेजारी राहायचाय," कारागीर म्हणाला. "दोन रंग दिसतील."

"दुसराही उजळेल की हळूहळू. मी क्रीम आणून ठेवलंय. हो ना गं?"

धाकटी चकत्यांकडे बघत राहिली. आत्याने तिला लहानाची मोठी केली होती, तिच्या शब्दाबाहेर जायची तिला सवयच नव्हती. कारागिराने खांदे उडवले आणि सहाव्या चकतीचा रंग घोटायला घेतला. माझ्या जन्माची चूक ती हीच. त्या वेळी मात्र मी खूश होतो. आत्या मला उलटसुलट करून म्हणाली, "कसा राजबिंडा हात झालाय!" आणि मी फुगून गेलो.

धाकटीची नोकरी त्वचारोग विभागाच्या खिडकीवर होती. काच आणि काचेखाली हात जाईल एवढी फट. आतून केसपेपर द्यायचा, त्यावर शिक्का मारायचा, नंबर पुकारायचा. रांगेतल्या माणसाला आतल्या माणसाचे तोंड धड दिसत नाही, दिसतात ते हात. एक तपकिरी, एक फिका. लोक आधी माझ्याकडे बघत, मग तिच्या उजव्या हाताकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आठवड्याभरात तिने मला मांडीवर लपवायला सुरुवात केली. माझा राजबिंडेपणा टेबलाखाली अंधारात गेला.

तिथे बसल्या बसल्या मी खऱ्या कातडीबद्दल पुष्कळ शिकलो, कारण डॉक्टरबाईंचे टेबल पडद्यापलीकडेच होते आणि बाईंना समजावून सांगायची भारी हौस. पहिल्याच महिन्यात शिक्क्याची जांभळी शाई आम्हा दोघा हातांना लागली. उजव्या हातावरची चार दिवसांत नाहीशी झाली. माझ्या अंगठ्यावरचा डाग आजही तसाच आहे. खऱ्या कातडीच्या वरच्या थराचा पृष्ठभाग मेलेल्या पेशींचा असतो. तो रोज थोडा थोडा झडतो आणि खालून नव्या पेशी वर येत राहतात. महिन्याभरात माणूस वरून जवळजवळ नवाकोरा होतो. शिवाय कातडी घाम गाळून अंग थंड ठेवते, कापले तर स्वतःच सांधते. हे ऐकल्यापासून माझी मिजास उतरू लागली.

रंगाची गोष्ट तर मला पुरती झोंबली. त्या वरच्या थराच्या तळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात. गोऱ्याला कमी आणि काळ्याला जास्त असला प्रकार नाही, त्या सगळ्यांकडे जवळपास सारख्याच. कोणाच्या पेशी भरपूर गडद रंग बनवतात, कोणाच्या थोडा, एवढाच फरक. त्या रंगाचे बारीक कण त्या शेजारच्या पेशींना वाटतात आणि प्रत्येक पेशी ते कण आपल्या केंद्रकावर छत्रीसारखे धरते, उन्हाने आतले नाजूक सामान बिघडू नये म्हणून. आत्या ज्याला मळका रंग म्हणायची, ती छत्री होती. मला छत्रीच नव्हती, आणि मी उजळ म्हणून मिरवत होतो.

एका मंगळवारी रांगेत आठ-नऊ वर्षांची मुलगी आली. तिची आई तिला चिमणी म्हणत होती. भर उन्हाळ्यात चिमणीच्या दोन्ही हातांत लोकरी मोजे होते. आई तिला परोपरीने सांगत होती, "काढ गं, डॉक्टरांना दाखवायचेत ना?" चिमणी ऐकत नव्हती. त्याच वेळी केसपेपर धरायला धाकटीने मला नाइलाजाने वर काढले. चिमणीने फटीतून आत पाहिले.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तुम्हालाही माझ्यासारखं झालंय?"

मागे रांग होती. सगळे कान टवकारून होते. हा हात खोटा आहे, हे इतक्या लोकांसमोर सांगायचे धाकटीच्या जिवावर आले. तिने मान हलवली. हो.

चिमणीने एक मोजा ओढून काढला आणि हात माझ्याशेजारी टेकवला. बोटे आणि मनगट पांढरे, मध्ये मध्ये तपकिरी बेटे. तिला कोड होते. शाळेत कोणी तिच्याशेजारी बसत नव्हते. कोड शिवल्याने पसरत नाही, हे तिथल्या मोठ्यांनाही ठाऊक नव्हते. "आई, बघ ना, ताईंचा तर अख्खा हात पांढरा पडलाय, तरी त्या कामाला येतात," ती म्हणाली. आईच्या डोळ्यांत पाणी आले.

त्या दिवसापासून चिमणी मंगळवारी आणि शुक्रवारी येऊ लागली. डॉक्टरबाई तिला प्रकाशाच्या पेटीत मोजून काही मिनिटे उभी करत आणि मलम देत. बाईंनी तिला सांगितले, की कोडात रंग बनवणाऱ्या पेशी नाहीशा होतात, पण केसांच्या मुळाशी काही लपून राहिलेल्या असतात. प्रकाशाने त्या जाग्या झाल्या तर आधी बारीक ठिपके दिसतात. बोटांवर केस कमी, तिथले सांगता येत नाही. "काही महिने लागतील. मध्येच सोडायचं नाही," बाईंनी बजावले.

चिमणीला शंकाही फार. "मग माणसं आधीच सगळी एका रंगाची का नाही झाली?"

"झाली असती तर मेली असती," बाई म्हणाल्या. "जिथे ऊन डोक्यावर तापतं तिथे गडद रंग हवा, नाहीतर ऊन शरीरातलं फोलेट नावाचं जीवनसत्त्व नासवतं आणि पोटातल्या बाळाला ते लागतं. जिथे ऊन कोवळं, तिथे मात्र ते आत शिरायला हवं, नाहीतर हाडांसाठी लागणारं ड जीवनसत्त्व तयार होत नाही. माणसं चालत चालत लांब गेली, हजारो वर्षं तिथे राहिली आणि जिथलं जसं ऊन, तसा पिढ्यान्‌पिढ्या रंग बदलत गेला. मग कशाला कोणी कोणाला हसावं?"

एवढे सगळे छान चालले होते. पण चिमणी दर खेपेला औषधाआधी खिडकीशी यायची आणि स्वतःचा हात माझ्याशेजारी धरून बघायची. धाकटीला मी आता नकोसा झालो होतो, पण मला काढता येत नव्हते. तिने मान हलवली होती ना! एका मानेच्या झटक्याने आम्ही दोघेही अडकलो. घरी गेल्यावर ती मला काढून उशीखाली कोंबायची, म्हणजे मी नजरेला पडू नये. कोणी माझे कौतुक करीना आणि कोणी मला सोडीना. असला कोंडमारा मी डब्यातही भोगलेला नाही.

तीन महिने गेले. चिमणीच्या हातावर काही फरक दिसेना. एका शुक्रवारी तिने मला बराच वेळ निरखले.

"ताई, तुम्ही मलम लावता ना?"

"लावते."

"पेटीत उभ्या राहता?"

"हो."

"तरी एकपण ठिपका नाही." तिने मोजे पुन्हा चढवले. "मग मला काय होणारे? आई, चल घरी. मी नाही आता येणार."

आई विनवू लागली. चिमणी दाराकडे चालू लागली. मागच्या बाकांवरून लोक माना वळवून बघत होते. मला तेव्हा जीभ असती, तर मी ओरडून सांगितले असते, की पोरी, माझ्यावर ठिपका कधीच यायचा नाही. माझ्यात केसाचे मूळच नाही. कारागिराने वरून रंगवलेल्या शिरांवर विश्वास ठेवून तू आपला खरा हात का सोडतेस? माझी लाज मला आयुष्यात इतकी कधी वाटली नाही.

धाकटी उठली. खिडकी सोडून, दार उघडून ती रांगेत आली. सगळ्यांदेखत तिने उजव्या हाताने मला पकडले आणि ओढले. मी जरा घट्टच होतो, चटकन निघेना. शेवटी तिने मला दातांत धरले आणि मनगट मागे खेचले. मी सुटलो. बाकावरची एक बाई "अगं बाई" म्हणाली.

"हा खोटा आहे," धाकटी चिमणीला म्हणाली. "मी तुझ्याशी खोटं बोलले. मला कोड नाही. मला हातच नाही."

चिमणी तिच्या गुळगुळीत मनगटाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "का खोटं बोललात?"

"लाज वाटली."

"म्हणजे हा हात कधीच बरा होणार नाही?"

"नाही. तो आजारीच नाहीये. तो जिवंतच नाही. तुझा आहे."

चिमणी रागावली होती. तिने मोजा काढला, आपला पांढरा-तपकिरी हात माझ्यावर ठेवला, दाबून बघितला आणि वळून तडक पेटीच्या खोलीत गेली. आई तिच्यामागे धावली.

त्या दुपारपासून मी डब्यात आहे. धाकटी आता मोकळ्या मनगटाने केसपेपर दाबून धरते आणि उजव्या हाताने शिक्का मारते. शिक्क्याचा ठोका मला रोज ऐकू येतो, पूर्वीपेक्षा बराच जलद. आत्या महिनाभर रुसली होती म्हणे. चिमणीने धाकटीशी दोन महिने अबोला धरला. पण एकही मंगळवार चुकवला नाही. परवा फटीतून तिचा आवाज आला, "ताई, मनगटाच्या वरचे ठिपके मोजा. पाच आहेत." धाकटीने सावकाश मोजले. पाचच होते. बोटांवर अजून काही नाही.

मित्रांनो, मला बाहेर काढा असे मी म्हणणार नाही. मी इथेच बरा. पण तुमची कातडी सांभाळा. कडक उन्हात तिला आडोसा द्या, स्वच्छ ठेवा, तिच्यावर उगीच काहीबाही चोपडू नका आणि उजळ हो म्हणून तिच्या मागे लागू नका. तुमचे पूर्वज जिथल्या उन्हात चालले, तिथला रंग त्यांनी तुम्हाला दिला आहे. आणि कोणाच्या हातावर पांढरे डाग दिसले, तर आपला हात मागे घेऊ नका. त्या दिवशी चिमणीने आपला हात माझ्यावर ठेवला, तेव्हा तो उबदार असणारच. तुमच्यापैकी कोणालाही ते लगेच कळले असते. मला मात्र कळले नाही.