चिमूटभर मिठाचं चित्र

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे, गावोगावी पडद्यावर सिनेमा दाखवणारं यंत्र. चंद्रपुरातल्या एका गोदामात, गंजलेल्या टाइपरायटरांच्या शेजारी माझा मुक्काम असतो.

देश नवा नवा स्वतंत्र झाला, तेव्हा मला सरकारी जीपमध्ये घालून जंगलातल्या गावांत नेऊ लागले. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. धानाची रोपं ओळीत कशी लावावी, देवीची लस का टोचून घ्यावी, हे मी पांढऱ्या चादरीवर दाखवायचो. लोक बैलगाड्या जुंपून यायचे. मला चालवायचे अयूबभाऊ. फिल्मला कुणी बोट लावलेलं त्यांना खपत नसे.

अशी बरीच वर्षं गेली. एका उन्हाळ्यात धानोऱ्याकडच्या एका गावी आम्ही जुलाबावरचा सिनेमा लावला. लेकराला हगवण लागली की त्याचं पाणी तोडू नका, मीठ-साखरेचं पाणी पाजा, असं त्यात सांगितलं होतं. पडद्यावरच्या आईनं मिठाच्या डब्यात हात घातला आणि नेमका माझा दिवा उडाला. जवळ दुसरा दिवा नव्हता. लोक हिरमुसून घरी गेले.

सकाळी रुखमा नावाची बाई धावत आली. कडेवर वर्षाची पोर, मान टाकलेली, डोळे खोल गेलेले.

"भाऊ, पाण्यात मीठ किती टाकाचं? सासू म्हणते मूठभर. मले भेव वाटून राह्यलं."

अयूबभाऊंचा चेहरा उतरला. "बाई, माहं ध्यान मशीनवरच रायते. हा सिनेमा कितीदा लावला, पण धड पाह्यला एकदाही नाई."

दवाखाना वीस कोस दूर. जीप होती, पण पोर तोवर तग धरेल असं दिसत नव्हतं.

अयूबभाऊंनी माझं भिंग काढून डोळ्याला लावलं. रिळावरची फिल्म भराभरा ओढून ते एकेक चित्र उन्हात धरून पाहू लागले. फिल्मचा ढीग धुळीत लोळत होता.

"सापडलं! चिमूट हाय, बाई, मूठ नाई! पेलाभर उकळून गार केलेलं पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर साखर!"

तसं पाणी करून घेऊन जीप दवाखान्याकडे निघाली, आणि रुखमा वाटभर चमच्यानं पाजत राहिली. अर्ध्या रस्त्यात पोरीनं मोठ्यानं भोकाड पसरलं. ते ऐकून अयूबभाऊंनी जीप थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून तेही रडले.

फिल्मला ओरखडे पडले म्हणून खात्याच्या साहेबांनी त्यांना फार बोल लावले. त्यानंतर मात्र अयूबभाऊ प्रत्येक सिनेमा आधी स्वतः नीट पाहत आणि दिवा लावण्यापूर्वी गावच्या बोलीत समजावून सांगत.

पुढे टीव्ही आला, जीप विकली गेली, अयूबभाऊ निवृत्त झाले. आता तर तुमच्या हातातल्या मोबाइलवर सगळं दिसतं. माझी तक्रार नाही. अधूनमधून माझ्यावरची धूळ झटकलीत तर बरं वाटेल, एवढंच. पण एक मागणं आहे, मित्रांनो. कुणाला काही चांगलं दाखवाल, तर दाखवून लगेच उठू नका. थोडं थांबा. समोरच्याला काय कळलं आणि काय राहून गेलं, ते त्याला विचारा.