खारीचा वाटा

कार्टून कंपनी बुडाली तेव्हा तिच्यासोबत ऑपरेटरबाईंचा सात महिन्यांचा पगारही बुडाला. बावीस वर्षं त्यांनी त्या कंपनीचा फोन सांभाळला होता. कोण पैसे मागायला फोन करतोय, कोण नुसता चौकशीला, कोण खोटं बोलायच्या तयारीत आहे, हे त्यांना नुसत्या 'हॅलो'वरून कळायचं. शेवटच्या वर्षात मात्र एकाच जातीचे फोन यायचे: कागदवाला, रंगवाला, वीजवाला, सगळे घेणेकरी. मग एक दिवस फोनच बंद झाला, आणि त्यानंतर आठवड्याने कंपनी.

न्यायालयाने कंपनीवर एक अवसायक नेमला. अवसायक म्हणजे बुडालेल्या कंपनीची खुर्चीपासून कात्रीपर्यंत मोजदाद करून, सगळं विकून, आलेला पैसा घेणेकऱ्यांत वाटणारा अधिकारी. हे अवसायक किडकिडीत होते आणि त्यांना धुळीचं वावडं होतं. एक कपाट उघडलं की चार शिंका. मंगळवारी सकाळी त्यांनी सगळ्या घेणेकऱ्यांना चित्रकारांच्या हॉलमध्ये बोलावलं. तिथे ऑपरेटरबाईंच्या शेजारी बसले मास्तर. कंपनीतलं प्रत्येक जनावर याच म्हाताऱ्या चित्रकाराच्या हातातून उतरलेलं.

समोर अवसायकांच्या बाजूला आणखी एकजण होता. गोरागोमटा, गोड बोलणारा, पायात आरशासारखे चकाकणारे बूट. कंपनीने अकरा वर्षांपूर्वी बँकेकडून मोठं कर्ज काढलं होतं. ते फिटेना, तेव्हा बँकेने कंटाळून ते याच्या फंडाला शंभरामागे चाळीसला विकून टाकलं. लोक रद्दी घेतात तशी हा माणूस बुडीत कर्जं घेतो, म्हणून चित्रकारांनी त्याचं नाव ठेवलं होतं भंगारवाला.

"इमारत, यंत्रं, कार्टूनमधली पात्रं, सगळं माझ्याकडे गहाण आहे," भंगारवाला म्हणाला. "त्यातून आधी माझे पैसे फिटणार. तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत कढईला तेलाचा वाससुद्धा उरायचा नाही. तरी मी माणुसकीने सांगतो. तुमचं घेणं मला विका. शंभरामागे सहा. सही करा आणि रोख घेऊन जा."

"शंभरामागे सहा?" मागून कुणीतरी ओरडलं. "दात कोरून पोट भरतंय होय?"

पण रांग लागली. घरभाडं थकलेलं, मुलांच्या फिया थकलेल्या. नाही म्हणायची ऐपत कुणाची? मास्तरांनीही सही केली. ऑपरेटरबाईंचा नंबर आला. त्यांनी पेन उचललं, आणि तेवढ्यात भंगारवाल्याच्या खिशातला फोन वाजला.

"थोडणार नाही! थोडणार नाही! थोडणार नाही!"

बाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. तो त्यांचाच आवाज होता! अकरा वर्षांपूर्वी, समोरचा एक दात पडलेला असताना, एका बोबड्या खारीसाठी त्यांनी दिलेला. अक्रोड घट्ट धरून ती खार म्हणायची, "सोडणार नाही", आणि बाहेर पडायचं, "थोडणार नाही."

"माफ करा हं," भंगारवाल्याने फोन दाबून बंद केला. "माझ्या मुलीने लावलंय. शाळेत सगळ्या पोरांना तेच वेड लागलंय. मॅचमध्ये गोलकीपरने चेंडू पकडला की अख्खं मैदान ओरडतं."

"आमची खार?" बाईंना खरंच ठाऊक नव्हतं. फोन बंद झाल्यापासून त्यांचं जग पगाराच्या काळजीएवढंच उरलं होतं. "मग साहेब, हिला तर चांगलं गिऱ्हाईक मिळेल."

भंगारवाला गप्प झाला. जेमतेम एक श्वास. मग हसून म्हणाला, "छे हो मावशी, चार दिवसांचं खूळ आहे ते."

पण ज्या बाईने बावीस वर्षं फोनवरच्या शांतता ऐकल्या, तिला तेवढा श्वास पुरेसा होता. घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मला जरा विचार करू द्या," त्या म्हणाल्या, आणि बाजूला सरकून थेट अवसायकांसमोर जाऊन बसल्या. "साहेब, खार गहाण आहे का?"

अवसायकांनी गहाणखत काढलं, दोनदा शिंकले आणि वाचू लागले. यादीत एकेचाळीस पात्रं होती. अस्वल, कासव, आळशी साप... खार नव्हती. पण शेवटी एक ओळ होती: 'आणि आजच्या तारखेपर्यंत निर्माण झालेली इतर सर्व पात्रे.' तारीख, अकरा वर्षांपूर्वीची नऊ मार्च.

"म्हणजे असं," अवसायक म्हणाले, "खार नऊ मार्चच्या आधीची असेल तर ती फंडाकडे गहाण. नंतरची असेल तर ती कुणाकडेच गहाण नाही, आणि तिचे येतील ते पैसे तुम्हा सगळ्यांत वाटले जातील. कंपनीच्या कागदांत तारीख सापडत नाही. फंडाचं म्हणणं, ती आधीची. शुक्रवारी चार वाजता ते आपला पुरावा दाखवणार आणि मी निर्णय देणार. तुमच्याकडे आहे का काही?"

"साहेब, माझा दात पडला होता तेव्हाच ती जन्मली!"

"कधी पडला दात?"

आता दात कधी पडला हे कोण लक्षात ठेवतं? बाई घरी आल्या त्या तरातरा, चप्पल न काढताच स्वयंपाकघरात. त्यांचा नवरा गाडी चालवायला शिकवायचा. ड्रायव्हिंग स्कूलची एकुलती एक गाडी आणि एकुलता एक शिकवणारा तोच. तो भांडी घासत होता.

"अहो, माझा दात कधी पडला?"

"अगं, मी नाही पाडला! किती वर्षं तेच? त्या शिकाऊ माणसाने ब्रेक मारला, तू मागे बसली होतीस, पुढच्या सीटवर आपटलीस..."

"कुणाचा दोष ते नको, तारीख सांगा!"

नवऱ्याने हात पुसले. तो प्रत्येक धड्याची नोंद ठेवणारा माणूस होता. माळ्यावरून वह्यांचा गठ्ठा खाली आला, अकरा वर्षांपूर्वीची वही निघाली, आणि सतरा मार्चच्या रकान्यात त्याच्याच बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'ब्रेक – फार जोरात. गाडी ठीक. बायको जखमी.'

"गाडी आधी आणि बायको नंतर?" बाई म्हणाल्या, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सतरा मार्च! गहाणखतानंतर आठ दिवसांनी!

अवसायकांनी मात्र बुधवारी वही बघून मान हलवली. "नवऱ्याची वही चालायची नाही हो. वकील म्हणेल, काल लिहिली. तिऱ्हाईताचा कागद आणा."

तिऱ्हाईत म्हणजे दाताचे डॉक्टर. त्यांचा जुना दवाखाना पाडून तिथे आता चपलांचं दुकान झालं होतं. चपलांच्या दुकानदाराने औषधवाल्याकडे पाठवलं, औषधवाल्याने डॉक्टरांच्या मेव्हण्याकडे, आणि मेव्हण्याला पत्ता आठवायला अख्खा गुरुवार लागला. शुक्रवारी दुपारी बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला, निवृत्त डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये, खोक्यांच्या ढिगात गुडघे टेकून बसल्या होत्या. डॉक्टर एकेक कार्ड चष्म्याजवळ धरून वाचत होते. तीन वाजून पाच मिनिटांनी ते म्हणाले, "वरचा, डावा, समोरचा. या तुम्हीच का?"

कार्डावर त्यांच्या दवाखान्याचा शिक्का होता. सतरा मार्चला तुटलेला दात काढला. चार एप्रिलला काढता-घालता येणारा खोटा दात बसवला. बाईंनी डॉक्टरांच्या पायांनाच हात लावला.

बाहेर ड्रायव्हिंग स्कूलची गाडी उभी होती, पण चालकाच्या जागेवर नवरा नव्हता. तिथे एक निवृत्त नर्स बसली होती, स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून.

"यांच्या धड्याची वेळ आहे," नवरा म्हणाला. "पैसे आधी घेतलेत, उतरवू कसं? बस मागे. आणि पट्टा लाव!"

"अहो, चारला पोचायचंय!"

"मी अजून तिसरा गियर टाकला नाहीये," नर्सबाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

"आज टाकायचा," नवरा म्हणाला.

त्यानंतरची पन्नास मिनिटं बाईंनी डोळे अर्धे मिटून काढली. पहिल्या चौकात गाडी दोनदा बंद पडली. मागच्या ट्रकने हॉर्नचा असा सूर धरला की कानठळ्या बसाव्यात. मग पुलाच्या उतारावर नर्सबाईंनी तिसरा टाकला, गाडी सुळकन पुढे गेली, आणि त्यांच्या तोंडून अशी आरोळी निघाली की सायकलवाला वळून बघायला लागला. "अस्सं!" नवरा ओरडला. "आता सोडू नका!" बाजारात रस्ता अडला तेव्हा नर्सबाईंनी काच खाली करून, वॉर्डात ओरडायच्या त्याच आवाजात सांगितलं, "बाजूला व्हा, पेशंट आहे!" रस्ता मोकळा झाला. मागे बसलेल्या पेशंटने कार्ड पोटाशी धरलं.

बाई हॉलमध्ये शिरल्या तेव्हा चारला दोन मिनिटं होती. फंडाचा वकील उभा राहून एक जुना कागद दाखवत होता. "हे बघा, जंगलातल्या प्राण्यांचं चित्र. गहाणखताच्या दोन वर्षं आधीचं. झाडावर खार स्पष्ट दिसते."

अवसायकांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी आपलं घेणं विकलं होतं, त्यांना आता कशातूनही एक कवडी मिळायची नव्हती. तरी ते उठले, कागद उजेडात धरला.

"खार माझीच. पण ही ती नव्हे. हिचे दोन्ही दात शाबूत आहेत." त्यांनी बाईंकडे बोट केलं. "त्या दिवशी एका वाक्यासाठी आवाज हवा होता, म्हणून यांना फोनवरून उठवून आणलं. या बोलल्या आणि आम्ही हसून हसून लोळलो. मग मी यांना समोर बसवून खार काढली. म्हणून तिचा दात नाही, वरचा, डावा. आधी आवाज, मग चित्र. तारीख मात्र मला विचारू नका."

"तारीख मी आणलीय," बाई म्हणाल्या आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

वकिलाने ते उलटंपालटं केलं. "दात कुणाचाही तुटेल. याच बाईंचा आवाज, हे कशावरून?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं. आयुष्यात त्या कधी चारचौघांत बोलल्या नव्हत्या. त्यांचं सगळं बोलणं तारेतून गेलेलं. कान तापले. मग त्यांनी पदराआड तोंड नेलं, खोटा दात काढून मुठीत घेतला, आणि छाती भरून ओरडल्या:

"थोडणार नाही!"

हॉलचं छप्पर उडेल असा कल्ला झाला. चित्रकार बाकं बडवायला लागले. रंगवाला शिट्ट्या मारत होता. अवसायक हसता हसता शिंकले, शिंकता शिंकता हसले. भंगारवाल्याने वकिलाचा कोट ओढून त्याला खाली बसवलं.

"राहू दे," तो म्हणाला. "हाच आवाज मी रोज सकाळी ऐकतो. खार नंतरची आहे."

"खार गहाण नाही," अवसायकांनी लिहून घेतलं. "तिचा वेगळा लिलाव होईल."

लिलाव पुढच्या आठवड्यात झाला, त्याच हॉलमध्ये, सकाळी अकराला. खेळणी बनवणारी एक कंपनी आली होती, मुलांचं एक चॅनल आलं होतं आणि भंगारवालाही आला होता. बोली पन्नास लाखांवर सुरू झाली. चॅनलवाला दर वेळी टायला हात लावून पाच वाढवायचा. खेळणीवाली बाई एकदम पन्नास वाढवायची. एक कोटी, दोन, साडेतीन. बाईंनी नवऱ्याचा हात इतका दाबला की तो कळवळला. सहा कोटींवर भंगारवाला हसून मागे टेकला. आठला चॅनलवाला कुणाशी तरी फोनवर कुजबुजला आणि त्याने टायचा हात खाली घेतला. नऊ कोटींना खार खेळणीवाल्या बाईंची झाली.

घेणेकऱ्यांच्या वाट्याला शंभरामागे एक्क्याऐंशी आले. रंगवाला भर हॉलमध्ये नाचला. ज्यांनी सहाला विकलं होतं ते भिंतीशी उभे होते. त्यांचे एक्क्याऐंशी आता भंगारवाल्याचे होते. जाताना तो बाईंपाशी थांबला.

"मावशी, तुम्ही माझी खार घेतलीत. पण त्या तीस सह्यांवर मी तुमच्यामुळेच कमावलं. आभार मानू की रागावू?"

"मास्तरांचे तेवढे परत द्या, मग ठरवा," बाई म्हणाल्या.

तो हसला, आणि त्याचे चकाकणारे बूट जिन्यावरून खाली गेले. अर्थातच काही परत आलं नाही. ती रुखरुख बाईंच्या आनंदात मिसळत राहिली. घरी पैसे आले, थकलेलं सगळं फिटलं, नवऱ्याने गाडीला नवे टायर घातले, तरी मास्तरांची ती सही त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

पंधरा दिवसांनी खेळणीवाल्या बाईंचा फोन आला. खारीचे नवे भाग काढायचे होते, आवाज हवा होता, वाक्यागणिक पैसे. बाईंनी आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला.

"येते मी," त्या म्हणाल्या. "पण चित्रं कोण काढणार?"

"आमची माणसं आहेत की. कॉम्प्युटरवर."

"मग माझ्याऐवजीही कॉम्प्युटरच बोलवा. मास्तर असतील तर मी. आणि त्यांचा पहिल्या तीन महिन्यांचा पगार आगाऊ. दुधाने आमचं तोंड पोळलंय हो, आम्ही आता ताकही फुंकून पितो."

तिकडे शांतता. बाईंनी ती नीट ऐकली. लांब होती, पण त्यात नकार नव्हता.

"कधीपासून येताय दोघं?" खेळणीवाल्या बाईंनी विचारलं.

सोमवारी सकाळी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून जिन्याशी उभे होते, काखेत कागदांची सुरळी. नव्या ऑफिसात खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकही अजून निघालं नव्हतं. मास्तरांनी खिडकीजवळचं टेबल निवडलं, आगाऊ पगाराचा चेक दोनदा वाचून खिशात ठेवला आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

"बसा," ते बाईंना म्हणाले. "या खारीला एक नणंद हवी, असं माझ्या फार दिवस मनात आहे. जरा कजाग. बोलून दाखवा बघू."