डाव्या हाताचे गुच्छ

तिनं नवऱ्याचं घड्याळ मनगटावर चढवलं आणि पट्टा शेवटच्या भोकात अडकवला. तरी ते सैलच राहिलं. नवऱ्याच्या निळ्या शर्टाच्या बाह्या लेकीनं तिच्या कोपरापर्यंत दुमडून दिल्या आणि फोन स्टँडवर खाली वाकवून ठेवला.

"फक्त हात येतायत. मान पुढे घालू नकोस, आई."

"नाही घालत गं बाई. तू सुरू कर."

डाव्या मुठीत पहिला गुलाब धरून ती उजव्या हातानं एकेक फूल तिरकं लावत गेली. प्रत्येक देठ आधीच्या देठावर आडवा पडला पाहिजे, म्हणजे गुच्छ टेबलावर आपला आपण उभा राहतो. हे तिला नवऱ्यानंच शिकवलं होतं. फरक एवढाच की तो डावखुरा. सगळं तिच्या उलट हातानं करायचा, आणि करायचाही असं की रस्त्यानं जाणारी माणसं पिशव्या खाली ठेवून बघत उभी राहायची. दुकानाच्या पाटीवरचं नाव कुणाला आठवत नसे. "डावऱ्याकडून फुलं आण" म्हटलं की पुरे.

मागच्या हिवाळ्यात नेमकं त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, हात गेला. ती दुकान रोज उघडत होती, पण आत डावरा नाही म्हटल्यावर ओळखीची गिऱ्हाइकंसुद्धा मान वळवून पुढे जायची. संध्याकाळी न विकलेली फुलं पोत्यात कोंबताना तिला वाटायचं, आता आपलंही आवरून घ्यावं.

मग लेकीनं शक्कल काढली. आईच्या हातांचा व्हिडिओ करायचा आणि आरशात दिसतो तसा उलटा करून टाकायचा. उजव्याचा डावा होतो. खाली लिहायचं, "डावऱ्याचे हात". काट्यांनी आणि गार पाण्यानं आईच्या हातांची नजाकत कधीच घालवली होती, ओळखणार कोण? आईच्या अगदी जिवावर आलं होतं. पण लोकांनी व्हिडिओ डोक्यावर घेतले. "काका, काय हात आहे तुमचा!" "नुसतं बघत बसावंसं वाटतं." फोनवर किरकोळ ऑर्डरी येऊ लागल्या. मागच्या खोलीत, पडद्याआड तो खाटेवर पडून असायचा. त्याला याची कुणकुण लागू नये म्हणून मायलेकी डोळ्यांत तेल घालून जपत होत्या.

फीत बांधून तिनं गुच्छ टेबलावर ठेवला. तो उभा राहिला. लेक फोन काढून घेत होती, तेवढ्यात दारात एक बाई आल्या.

"डावरे काका इथेच ना? मुलीचं लग्न आहे. सगळी फुलं तुमच्याकडूनच घ्यायची ठरवलंय आम्ही. फक्त तिचा गुच्छ काकांनी हॉलवर येऊन बांधायचा, सगळ्यांसमोर. आमच्या घरात लहानथोर सगळे बघतात त्यांना."

हे एक काम मिळालं असतं तर दुकान तगलं असतं. तिनं घड्याळाचा हात पाठीमागे नेला.

"बाबा जरा... बाहेरगावी..." लेक अडखळली.

पडदा सरकला. भिंतीचा आधार घेत तो बाहेर आला होता. डावा हात अंगाशी लोंबत होता. आजारपणानंतर तो परक्या माणसासमोर कधी आला नव्हता.

"मीच तो," तो म्हणाला. शब्द तोंडाच्या एकाच बाजूनं, जड होऊन येत होते. "हात गेलाय माझा. व्हिडिओत ही असते. बायको. ती बांधेल. तिचा हात... माझ्यापेक्षा कमी नाही."

बाईंनी त्याच्या हाताकडे बघितलं, मग तिच्या अंगातल्या शर्टाकडे.

"असं होय," त्या म्हणाल्या. "काळजी घ्या हं, काका. घरी विचारून कळवते मी."

त्या काही कळवणार नव्हत्या. हे सांगायला ज्योतिषी नको होता.

लेक तोंड फिरवून रडायला लागली. ती मात्र जागची हलली नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच व्हिडिओला. पोरीचा फोन खाटेवर राहिला होता." तो दम खायला थांबला. "घड्याळाचा काटा उलटा फिरत होता."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं घड्याळ काढून त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते घेतलं नाही.

"आता उलटं करू नका," तो म्हणाला. "तुझे हात तुझेच म्हणून दाखव."

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या कपड्यांत बसली. तेच गुलाब, तीच फीत. तो शेजारी खुर्ची घेऊन बघत होता. गुच्छ उभा राहिला तेव्हा म्हणाला, "बरा झाला." उभ्या संसारात त्याच्या तोंडून तिनं हे पहिल्यांदा ऐकलं.

लेकीनं व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, "आजपासून आईचे हात". याआधीचेही हात आईचेच होते, हे लिहायचा तिला धीर झाला नाही.

संध्याकाळी लेक फोन आईच्या हातात ठेवून बाहेर निघून गेली. तिनं खाटेजवळ बसून वाचलं. पुन्हा वरपासून वाचलं.

"काय म्हणतात लोक?" त्यानं विचारलं. उशीला टेकून तो दिवसभर याच प्रश्नासाठी जागा राहिल्यासारखा दिसत होता.

छान म्हणतात, असं सांगून ती मोकळी झाली असती. फोन तर तिच्याच हातात होता.

"'काका कुठे गेले?'" ती वाचू लागली. "'ती सफाई नाही राहिली.' 'या बाई नुसती नक्कल करतात.'"

त्यानं डोळे मिटले. "राहू दे," तो म्हणाला. "नको वाचूस."

"ऐका तर. 'माझ्या लग्नातला गुच्छ काकांनी बांधला होता. आई अजून त्याचं नाव काढते. ती सर कुणाला येणार नाही.'"

उजव्या हातानं त्यानं डावा हात उचलला, मांडीवर घेतला आणि त्याच्यावरून हलकेच हात फिरवत राहिला.

"असं आणखी कुणी लिहिलंय?" त्यानं विचारलं.

"लिहिलंय की," ती म्हणाली, आणि आवाज साफ करून पुढचं वाचू लागली.