कप रिकामा झाला की

ब्याऐंशी साली आमच्या तळवलीत सगळ्यात मोठं भांडण झालं ते चपलांवरून. शेजारच्या रखमाचा भाऊ गोटीराम चहा पिऊन ओटीवर जरा कुठे ऐसपैस बसला, तोच रखमाच्या सात वर्षांच्या मुलीनं, पुतळानं, त्याच्या चपला आणून त्याच्या मांडीवर ठेवल्या. म्हणाली, "परत या."

"माज्याच भयनीच्या घरान मना हाकलतंय!" गोटीराम ओरडला.

"हाकलत नाय रं दादा, शिकतेय ती," रखमा काकुळतीला आली.

आणि ते खरंच होतं. पुतळा कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायची नाही, हाकेला वळायची नाही. पोरं खेळत असली की ही मिठागरावरच्या टोपल्या एका ओळीत लावत बसायची. शाळेत दिनानाथ मास्तरांनी नाव विचारलं, तर बाकाखाली जाऊन बसली. "चार माणसांशी चार शब्द बोलू दे, मग दाखल करतो," मास्तर म्हणाले.

रखमानं ते चार शब्द मोजूनच घेतले. मिठागरावरून आली की स्वतः पाहुणी होऊन दिवसाला वीसदा दारातून आत यायची. या बसा. पाणी घ्या. चहा घ्या. परत या. आम्ही बाया कुडाआडून हसायचो.

पुतळा शिकली. फक्त तिच्या लेखी कप रिकामा झाला की पाहुणा संपला.

मग काय, गावाची चंगळ झाली. वर्गणीवाले आले, जमिनीचे दलाल चिकटले, की हाक यायची, "रखमे, जरा पुतळाला धाड गो!" मीही दोनदा नेली. खोटं कशाला बोलू?

जूनमध्ये मास्तर तिला बघायला घरी आले. रखमा पुतळाची वेणी घालत होती म्हणून चहा मीच केला. पुतळानं तीन वाक्यं बिनचूक म्हटली.

"नाव काय तुझं?" मास्तरांनी विचारलं.

पुतळा कपाकडे बघत राहिली. मास्तरांनी पुन्हा विचारलं. कप भरलेलाच. रखमाचे डोळे भरून आले. शेवटी मास्तरांनी नाइलाजानं चहा संपवला आणि मांडीवर चपला आल्या.

"परत या."

रखमानं कपाळावर हात मारला. मास्तर मात्र चपलांकडे बघत बसले. "रखमाबाई," ते हळूच म्हणाले, "माझा मेहुणा तीन महिने घरी मुक्कामाला आहे. एक दिवस हिला पाठवाल?"

मग ते पुतळासमोर उकिडवे बसले. "मी नाही परत येणार. आता तू यायचं. सोमवारी, शाळेत."

याला तिच्याकडे वाक्यच नव्हतं. तिनं मास्तरांच्या तोंडाकडे, अगदी निसटतं, बघितलं.

"तितं च्या हाय?"

"आहे. पण कप रिकामा झाला म्हणून घरी पळायचं नाही."

रखमानं माझा दंड असा धरला की चार दिवस दुखत होता.

"यो मी नाय शिकवला गो," ती म्हणाली. "यो तिचा तिनं ईचारला."