निम्म्या पिकाचा भाव

बालाजीने तिसरं यंत्र बंद केलं तेव्हा बन्सीधरकाका शेडच्या दारात उभे होते. सेलूतल्या बंद पडलेल्या जिनिंगची ही शेड. इथेच काकांची उभी हयात कापूस तोलण्यात गेली. आता पुतण्याने तिथे संगणकासारखी यंत्रं मांडली होती. ती रात्रंदिवस आकडेमोड करत आणि बदल्यात बिटकॉइनचं बक्षीस मिळे. काकांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी गावातली माणसं विचारायला येत ती काकांकडेच, कारण काट्यावर त्यांनी कधी कुणाला फसवलं नव्हतं.

मागे हे बक्षीस निम्मं झालं. दर चार वर्षांनी ते होतंच, असं बालाजी म्हणाला. लोक बिचकले, तेव्हा काकांनीच त्यांना समजावलं, "पिकलं निम्मं की भाव दुप्पट. कापसाचं बगितलं न्हाई का?" हे सगळ्यांना लगेच पटलं. शेजारच्या चतुराबाईने तर म्हैस विकून यंत्रात वाटा घेतला. एकटी बाई, तिचं घर त्या म्हशीवरच चालायचं. काकांची बायको धुरपताकाकू तेवढी त्यांना म्हणाली होती, की कापूस आपल्या घरात असताना भाव कधी चढलाय का. काकांनी तिला वेड्यात काढलं.

"बंद का करायलास?" काकांनी विचारलं.

बालाजीने खाली बघतच सांगितलं. वीज पहिल्याइतकीच लागते, बक्षीस निम्मं. भाव थोडा चढला आणि पुन्हा घसरला. जगभर यंत्रं वाढली, म्हणजे त्या निम्म्यातही वाटेकरी वाढले. आता कमाईपेक्षा विजेचं बिलच जास्त येतं.

"काका, कापूस कमी पिकला तरी गिरणीला तो लागतोच. ह्याच्यावाचून कुनाचं अडलंय?"

चतुराबाईच्या वाट्याचं काय, हे विचारायचा काकांना धीर झाला नाही. आजच तिला खरं सांगायचं असं ठरवून ते बाहेर आले, तर फाटकाशी काळीपिवळी जीप थांबलेली आणि चतुराबाईच उतरत होती. मागे तिची बहीण मनकर्णा होती. तिच्या गळ्यात डोरलं नव्हतं, नुसता काळा दोरा होता.

"भाऊ, हिलाबी वाटा घ्यायचाय. डोरलं मोडलंय हिनं," चतुराबाई म्हणाली. "तुमचाच शब्द सांगितला म्या हिला."

"घेऊ नका. माझं चुकलं, बाई. भाव चढायचा न्हाई."

चतुराबाईचा चेहरा हळूहळू बदलला. तिने मनकर्णाकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "चढायची येळ आली, म्हून आता घरच्यांसाठी राखून ठेवायलात व्हय?"

काकांनी हात जोडले, धुरपताची शपथ घेतली. दोघी ऐकून घेत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच काकांचा शब्द कुणी खोटा धरत होतं, आणि नेमका हाच खरा होता. काकांना वळसा घालून दोघी शेडकडे गेल्या.

आतून बालाजीचा आवाज आला, "या मावशी, बसा. किती वाटे घ्यायचेत?"